पगारदार नोकरी आणि ओव्हरटाइम (अमेरिका): ६८४ की १,१२८? नक्की कोणता आकडा धरायचा?

सांजवेळ:
मंडळी, इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अजूनही एक फॉरवर्ड फिरतोय: "वर्षाला ५८,६५६ डॉलरच्या आत पगार असेल तर मालकाला ओव्हरटाइम द्यावाच लागतो." दुसरीकडे बरेच मालक छातीठोकपणे सांगतात की तो नियम रद्द झाला, आता ३५,५६८ च्या वर पगार असला की ओव्हरटाइमचा विषय संपला. मला ही दोन्ही विधानं अर्धवट वाटतात.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण ठेवते. न्यू जर्सीतलं छोटं मोटेल. हुद्दा 'फ्रंट डेस्क मॅनेजर', पगार आठवड्याला ८०० डॉलर, काम ४६ ते ५० तास. हाताखाली कोणी नाही. खोल्यांच्या चाव्या देणं, बुकिंग घेणं, टॉवेल मोजणं, रात्री बेल वाजली की उठणं. राहायला मोटेलमधलीच एक खोली. या माणसाला ओव्हरटाइम लागू होतो का? आणि लागू असेल तर हिशेब कसा करायचा?

हिशेबनीस:
आधी आकड्यांचा घोळ निस्तरू.

मूळ कायदा १९३८ चा, फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट. आठवड्याला ४० तासांच्या वर काम झालं की दीडपट. त्यातून काही पगारदार वगळलेत, त्यांना एक्झेम्प्ट म्हणतात. वगळायचं तर किमान पगार किती हवा, हा आकडा मजूर खातं ठरवतं. १९७५ पासून २००४ पर्यंत तो हललाच नाही. २००४ ला आठवड्याला ४५५ झाला. २०१६ ला ९१३ करायचा घाट घातला, पण अंमल सुरू व्हायच्या आठवडाभर आधी टेक्ससच्या फेडरल कोर्टाने स्थगिती दिली. मग १ जानेवारी २०२० पासून ६८४, म्हणजे वर्षाला ३५,५६८.

एप्रिल २०२४ मध्ये नवा नियम आला. १ जुलै २०२४ पासून ८४४ (वर्षाला ४३,८८८), १ जानेवारी २०२५ पासून १,१२८ (वर्षाला ५८,६५६) आणि पुढे दर तीन वर्षांनी आपोआप वाढ. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्ससच्याच पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल कोर्टाने हा नियम सबंध देशासाठी रद्द केला. जानेवारीची वाढ आलीच नाही आणि जुलैत लागू झालेली ८४४ सुद्धा गेली. म्हणून आज फेडरल आकडा ६८४. फॉरवर्डमधला ५८,६५६ एक दिवसही लागू नव्हता.

कोकणकडा:
कोर्टाने कारण काय दिलं? सप्टेंबर २०२४ मध्ये पाचव्या सर्किटने (टेक्ससच्या वरच्या फेडरल अपील कोर्टाने) तर म्हटलं होतं की किमान पगार ठरवण्याचा अधिकार खात्याला आहे.

हिशेबनीस:
@कोकणकडा, बरोबर, तो मेफील्ड खटला. अधिकार आहे, पण त्याला मर्यादा आहे. कायद्यात शब्द आहेत ते कामाच्या स्वरूपाचे: व्यवस्थापकीय, प्रशासकीय, व्यावसायिक (प्रोफेशनल). पगाराचा आकडा ही फक्त चाळणी. चाळणी इतकी बारीक केली की काम न बघता नुसत्या पगारावरून लाखो माणसं एक्झेम्प्ट गटातून बाद होतील, तर ते कायद्याच्या बाहेर जातं, असं न्यायालयाचं म्हणणं.

तांबडा_पांढरा:
इतका खल कशाला? पगारदार म्हणजे पगारदार. तासावारी असेल त्याला ओव्हरटाइम, महिन्याच्या पगारावर असेल त्याला नाही. सगळीकडे असंच चालतं.

पगारपत्रक:
@तांबडा_पांढरा, चालतं खरं, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. पगारावर असून ओव्हरटाइमचा हक्क असणारे ढिगाने आहेत. एक्झेम्प्ट ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: पगार ठरावीक असावा, तो ६८४ किंवा जास्त असावा, आणि काम त्या व्याख्येत बसावं. एक जरी निसटली तरी ओव्हरटाइम लागू.

व्यवस्थापकीय गटात बसायचं तर मुख्य काम त्या धंद्याचं किंवा एखाद्या विभागाचं व्यवस्थापन हवं. हाताखाली नेहमी किमान दोन पूर्णवेळ माणसं हवीत. चार अर्धवेळ मिळून आठवड्याला ८० तास भरले तरी चालतं. शिवाय माणूस ठेवण्या-काढण्याचा अधिकार हवा, निदान त्याच्या शिफारशीला खरंच वजन हवं.

प्रशासकीय गटावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. काम ऑफिसचं असलं की झालं असं लोक धरतात. पण ते काम धंदा चालवण्याशी थेट जोडलेलं हवं, आणि महत्त्वाच्या बाबतीत स्वतःच्या अकलेने निर्णय घेण्याची मोकळीक हवी. ठरलेल्या यादीप्रमाणे बिलं भरणारा, फॉर्म तपासून पुढे सरकवणारा यात येत नाही, मग दारावर 'मॅनेजर' अशी पाटी असो नाही तर 'डायरेक्टर'.

डॉक्टर, वकील, शिक्षक यांना मात्र किमान पगाराची अट नाही. फिरतीवरच्या विक्रेत्यांनाही नाही.

तांबडा_पांढरा:
ठीक, छोट्या पगाराचं मान्य. पण वर्षाला दोन लाख डॉलर घेणाऱ्याला कसला आलाय ओव्हरटाइम?

पगारपत्रक:
मिळालाय. २०२३ मधला हेलिक्स एनर्जी विरुद्ध ह्युइट हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. समुद्रातल्या तेलविहिरीवरचा कामगार, कमाई वर्षाला दोन लाखांच्या वर, पण पैसे दिवसाच्या दराने. दिवस भरला तर पैसे, नाही तर नाही. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की हा ठरावीक पगार नव्हे, ओव्हरटाइम द्या. जास्त पगारवाल्यांसाठी सैल नियम आहे खरा (सध्या वर्षाला १,०७,४३२), पण तिथेही पगार ठरावीकच लागतो. आणि तो आकडा कॅलिफोर्नियात चालत नाही.

शुक्रतारा:
'ठरावीक पगार' म्हणजे काय हे नीट सांगायला हवं, कारण बहुतेक मालक तिथेच घसरतात. आठवड्यात जरा जरी काम केलं तरी पूर्ण आठवड्याचा पगार द्यायचा. काम कमी होतं, दुकान दुपारी बंद केलं, गिऱ्हाईक नव्हतं, यासाठी कापता येत नाही.

खासगी कारणासाठी पूर्ण दिवस सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे कापता येतात. आजारपणाचे पूर्ण दिवसही, पण कंपनीची आजारपणाच्या रजेची रीतसर योजना असेल तरच. नोकरीचा पहिला आणि शेवटचा आठवडा जितका भरला तितका. मात्र मुलीला दाताच्या डॉक्टरकडे नेलं म्हणून तीन तासांचे पैसे कापले, की गडबड झाली. हे तीन तास शिल्लक रजेतून वळते केले तर चालतं; हातात येणाऱ्या पगारातून कापले तर चालत नाही. स्लिपवर 'अनुपस्थिती, ३ तास, वजा ६०' अशी ओळ दिसली तर ती स्लिप जपून ठेवा. अशी कपात नेमाने होत असेल, तर त्या मॅनेजरच्या हाताखाली त्याच कामावर असणाऱ्या सगळ्यांचंच एक्झेम्प्टपण जाऊ शकतं.

मालकासाठीही वाट आहे: लेखी धोरण, तक्रारीची सोय, चुकून कापलेले पैसे परत आणि पुढे असं न करण्याची हमी. मग एखाद्या चुकीने सगळं मोडत नाही.

रानवाट:
६८४ मध्ये बोनस धरतात का?

हिशेबनीस:
दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे दर आठवड्याला किमान ६१५.६० रोख पगार हवाच. उरलेले ठरलेल्या निकषांवरच्या बोनसमधून किंवा कमिशनमधून वर्षभरात भरता येतात. कमी पडले तर वर्ष संपल्यावरच्या पहिल्या पगारचक्रात भरपाई करायची. मालकाच्या मर्जीचा दिवाळी बोनस यात धरता येत नाही.

पगार पंधरवड्याचा असेल तर १,३६८, महिन्यातून दोनदा असेल तर १,४८२, मासिक असेल तर २,९६४. अर्धवेळ आहे म्हणून हा आकडा निम्मा होत नाही. वर्षाला २५,००० वर अर्धवेळ मॅनेजर ठेवला तर तो एक्झेम्प्ट नाहीच.

दख्खनची_राणी:
सगळे फेडरलवरच बोलताय. राज्याचा आकडा मोठा असेल तर तोच लागू होतो, हे विसरू नका. २०२६ साठी कॅलिफोर्निया वर्षाला ७०,३०४, वॉशिंग्टन राज्य ८०,१६८.४०. न्यूयॉर्क शहर, लाँग आयलंड आणि वेस्टचेस्टरमध्ये आठवड्याला १,२७५, बाकीच्या न्यूयॉर्क राज्यात १,१९९.१०. न्यूयॉर्कचा आकडा व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय गटांनाच आहे, व्यावसायिक गटाला तिथे फेडरल आकडा. टेक्सस आणि न्यू जर्सीत फेडरल.

कॅलिफोर्नियात कामाची कसोटीही कडक आहे. फेडरल नियम 'मुख्य काम कोणतं' विचारतो, कॅलिफोर्निया सरळ तास मोजतो: निम्म्याहून अधिक वेळ एक्झेम्प्ट स्वरूपाच्या कामात जायला हवा. किराणा दुकानाचा मॅनेजर दिवसातले पाच तास गल्ल्यावर आणि माल लावण्यात घालवत असेल तर तिथे तो टिकणार नाही. शिवाय दिवसाला ८ तासांच्या वर दीडपट आणि १२ च्या वर दुप्पट.

बिटबाजी:
आयटीवाल्यांसाठी वेगळं कलम आहे ना? एच-१बी व्हिसावर असलेल्यांना हा हक्क नाही असं बरेच जण समजतात.

पगारपत्रक:
व्हिसाचा आणि ओव्हरटाइमचा संबंध नाही. कायदा नोकरी बघतो.

कॉम्प्युटरवाल्यांचं कलम असं: सिस्टिमचं विश्लेषण, डिझाइन, प्रोग्रॅमिंग करणारा माणूस पगारावर ६८४ किंवा तासाला किमान २७.६३ मिळवत असेल तर एक्झेम्प्ट. म्हणजे कन्सल्टिंग कंपनीतून डब्ल्यू-२ वर (म्हणजे कंत्राटदार नव्हे, नोकर म्हणून) तासाला ६० घेणाऱ्या डेव्हलपरला ५० तास भरले तरी शेवटचे १० तास ६० नेच मिळू शकतात, दीडपट नाही. पुष्कळांना हे धक्कादायक वाटतं, पण कायद्याला धरून आहे. कॅलिफोर्नियात मात्र हाच दर २०२६ साठी तासाला ५८.८५ आहे, त्यामुळे तिथे ५५ वाला दीडपटीला पात्र.

हेल्पडेस्क, पासवर्ड बदलून देणं, लॅपटॉप बसवून देणं, लिहून दिलेल्या पायऱ्यांनी टेस्टिंग करणं ही कामं सहसा या कलमात येत नाहीत. 'इंजिनियर' म्हटलं म्हणून काम बदलत नाही.

एच-१बी वाल्याला पगारावरून तासावर आणलं तरी एलसीएमध्ये (व्हिसासाठी मालक मजूर खात्याला देतो त्या अर्जात) लिहिलेल्या वेतनाच्या खाली जाता येत नाही, तेवढं वेगळं पाहा.

सांजवेळ:
खूपच उपयोगी. आता हिशेब कुणीतरी उलगडून दाखवा ना.

हिशेबनीस:
तुमचंच उदाहरण घेतो, राहण्याची खोली क्षणभर बाजूला ठेवून. पगार ८०० आणि तो ४० तासांचा असं ठरलंय. तासाचा दर २०, दीडपट ३०. ४६ तास भरले तर ८०० + ६ × ३० = ९८०.

त्याच आठवड्यात 'खोल्या भरल्या तर १०० डॉलर' असा ठरलेला बोनस मिळाला, तर तो दरात मिसळायचा. ४६ × २० = ९२०, अधिक १०० = १,०२०. भागिले ४६ म्हणजे तासाला २२.१७. सहा तासांचे एकपट पैसे ९२० मध्ये आलेच आहेत, उरला अर्धा: ११.०९ × ६ = ६६.५२. एकूण १,०८६.५२. बोनस दरात न धरणं ही पगारवाटपातली फार मोठी आणि फार गुपचूप होणारी चूक आहे. सॉफ्टवेअरमध्ये बोनसचा प्रकार चुकीचा निवडला की वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

आडगाव:
दुसरी पद्धतही आहे, बदलत्या आठवड्याची. "पगार ८००, तास कितीही भरोत" असा दोघांमध्ये स्पष्ट करार असेल तर ८०० ला त्या आठवड्याच्या तासांनी भागतात. ५० तास भरले: ८०० ÷ ५० = १६, त्याचा अर्धा ८, गुणिले १० = ८०. एकूण ८८०. पहिल्या पद्धतीने हेच १,१०० झाले असते. म्हणजे तास वाढतात तसा ओव्हरटाइमचा दर घसरतो. अट अशी की ३५ तास भरले त्या आठवड्यातही ८०० पूर्ण द्यायचे. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियात ही पद्धत चालत नाही. नोकरी घेताना कागदावर '४० तासांसाठी' लिहिलंय की 'सर्व तासांसाठी', हे वाचाच.

कोकणकडा:
अजून दोन प्रकार सर्रास दिसतात. "या आठवड्यात ५० झाले, पुढच्यात ३० करा, ८० चे ८० होतील." असं होत नाही, प्रत्येक आठवडा स्वतंत्र, १० तास दीडपट द्यावेच लागतात. आणि "पैसे नको, सुट्टी घ्या" ही सोय फक्त सरकारी नोकऱ्यांत.

रानवाट:
जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आपोआप कापतात, ते?

शुक्रतारा:
पूर्ण मोकळी असेल तर कापता येते. डबा उघडलाय आणि फोनही उचलायचाय, तर ती कामाचीच वेळ. घरून रात्री उत्तर दिलेले मेलही, मालकाला माहीत असेल किंवा असायला हवं असेल तर. "परवानगीशिवाय ओव्हरटाइम नाही" असा नियम करून समज देता येते, पण केलेल्या कामाचे पैसे अडवता येत नाहीत.

बटाटावडा:
घड्याळात कार्ड मारायला लागलं की मान कमी झाला असं वाटतं लोकांना, म्हणून एक्झेम्प्टच बरं म्हणतात. मुंबईत ऑफिसर झालो म्हणून ओव्हरटाइम सोडणाऱ्यांची हीच गोष्ट होती! तिकडे काय नियम आहे?

आडगाव:
थोडं अवांतर. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दर दीडपट नाही, दुप्पट होता. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की लागू व्हायचा. देखरेख आणि व्यवस्थापनाच्या जागांना सूट देणारे नियम राज्य सरकार करायचं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यातही दुप्पटच. तिथेही हुद्दा वाढवून ओव्हरटाइम बंद करण्याची युक्ती जुनीच, आणि तिथेही कोर्ट शेवटी विचारतं ते एवढंच: हा माणूस दिवसभर करतो काय?

हिशेबनीस:
मानाबद्दल: अमेरिकेच्या जुलै २०२५ च्या कर-कायद्याने यात पैशाचा मुद्दा आणलाय. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमच्या जादा भागावर उत्पन्नातून वजावट, एकट्याला १२,५०० पर्यंत, जोडप्याला एकत्र रिटर्नवर २५,००० पर्यंत. उत्पन्न १,५०,०००/३,००,००० च्या वर गेलं की ती घटत जाते. तासाला २० चा ३० झाला तर वजावट फक्त १० ची, पूर्ण ३० ची नाही. आणि ती फेडरल कायद्याने देणं भाग असलेल्या ओव्हरटाइमवरच. एक्झेम्प्ट माणसाला मालकाने खुशीने दिलेले जादा पैसे किंवा कॅलिफोर्नियाचा फक्त दिवसाच्या ८ तासांमुळे आलेला ओव्हरटाइम यात बसत नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापले जातातच.

रानवाट:
जुलै २०२४ मध्ये बऱ्याच ठिकाणी पगार वाढवून ८४४ केले होते. आता नियम गेला, तर मालक ते खाली आणू शकतो?

दख्खनची_राणी:
पुढच्यासाठी आणू शकतो, केलेल्या कामाचे परत घेऊ शकत नाही. आधी सांगणं भाग, आणि किती आधी ते राज्य ठरवतं. मिसुरीत ३० दिवस लेखी. करारात आकडा लिहिला असेल तर करार आड येतो. पण ज्यांना तेव्हा तासावारी केलं त्यांना परत एक्झेम्प्ट करताना मालकाने काम पुन्हा तपासायला हवं. अनेकांचं काम मुळातच व्याख्येत बसत नव्हतं, ते त्या निमित्ताने सुधारलं होतं. नियम रद्द झाला म्हणून जुनी चूक बरोबर ठरत नाही.

तांबडा_पांढरा:
माझं मत बदललं, मोकळेपणाने सांगतो. एक शंका: अगदी लहान धंद्यांना हा कायदा लागू नाही ना? नवरा-बायकोचं दुकान वगैरे.

पगारपत्रक:
फक्त मालक आणि त्याचं जवळचं कुटुंब काम करत असेल तर धंदा म्हणून लागू नाही. वार्षिक उलाढाल ५,००,००० च्या आत असेल तरीही धंदा म्हणून सहसा नाही. पण माणूस म्हणून लागू होतो: परराज्यातल्या गिऱ्हाइकांचे फोन, कार्डाचे व्यवहार हे त्याचं रोजचं काम असेल तर. मोटेलच्या डेस्कवर हे होतंच. ज्याची धंद्यात किमान २० टक्के खरी मालकी आहे आणि जो तो चालवण्यात प्रत्यक्ष आहे, त्याला पगाराची अटच नाही. नावापुरते शेअर दिलेला मेव्हणा यात येत नाही.

सांजवेळ:
मग माझ्या मोटेलवाल्याचं काय ठरलं?

पगारपत्रक:
८०० हा आकडा ६८४ च्या वर आहे, म्हणून पगाराची पायरी पार. पण हाताखाली दोन माणसं नाहीत, म्हणून व्यवस्थापकीय नाही. चाव्या, बुकिंग आणि टॉवेल हे रोजचं चाकोरीतलं काम, म्हणून प्रशासकीय नाही. ओव्हरटाइम लागू. ६८४ असो की १,१२८, त्याच्या उत्तरात फरक पडत नाही.

खोलीचे दोन मुद्दे आहेत. एक, पगाराची कसोटी लावताना खोलीची किंमत धरता येत नाही, ६८४ रोखच हवेत. दोन, ओव्हरटाइमचा दर काढताना मात्र खोलीचा वाजवी खर्च पगारात मिळवायचा, म्हणजे दर २० च्या वरच जाईल. तिथेच राहतो म्हणून सगळे चोवीस तास काम धरत नाहीत. तासांबद्दल दोघांनी वाजवी करार करावा असं नियम म्हणतो. पण बेल वाजून उठला तो वेळ मोजायचाच.

शुक्रतारा:
त्याने आजपासून करायचं ते सांगते. साधी वही. तारीख, सुरू, जेवण, बंद, रात्री किती वेळा उठला आणि किती मिनिटं. रोजच्या रोज, महिन्याअखेरीस एकदम नाही. मालकाने तास नोंदवलेच नसतील तर कामगाराची वाजवी नोंद न्यायालयात ग्राह्य धरतात, ती खोडण्याची जबाबदारी मग मालकावर. पगाराच्या स्लिपा, शिफ्टचे मेसेज, बुकिंग सिस्टिममधल्या लॉग-इनच्या वेळा यांचे फोटो स्वतःच्या फोनवर ठेवायचे. गिऱ्हाइकांची माहिती मात्र उचलायची नाही.

मग मालकाला लेखी विचारायचं. पुष्कळदा तिथेच मिटतं, कारण बऱ्याच मालकांना खरंच माहीत नसतं. नाही मिटलं तर मजूर खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे तक्रार. पैसे लागत नाहीत, नाव गुप्त ठेवतात, आणि तक्रारीबद्दल काढून टाकणं हा वेगळा गुन्हा.

हिशेबनीस:
मुदत लक्षात ठेवा. फेडरल दावा दोन वर्षांचा, मालकाने जाणूनबुजून केलं असेल तर तीन. न्यू जर्सीत सहा. घड्याळ दर पगाराला चालतं, म्हणजे थांबलात तर मागचा एकेक आठवडा गळत जातो. सरासरी ४८ तास धरले तर खोली न धरताही आठवड्याला ८ × ३० = २४०. शंभर आठवड्यांचे २४,०००, आणि मालकाची सचोटी सिद्ध झाली नाही तर फेडरल कायद्याने तितकेच पुन्हा.

सांजवेळ:
आठवड्याला २४०! वहीची ओळ आजच पाठवते. आणि तो फॉरवर्ड पुन्हा आला की या धाग्याची लिंक देईन.